पंचायतीत गेलेली भाकरी

वन्सं, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय.

एवढा मोठा की एस.टी.तून उतरणाऱ्याला आधी तुमच्या हनुवटीवरचं गोंदण दिसतं आणि मग गाव दिसतं. तुमच्या शेजारी दोन पांढरीशुभ्र केसाळ कुत्री बसवली आहेत. असली कुत्री आपल्या गावात कधी जन्मली नाहीत आणि जन्मली तर उन्हाळा काढणार नाहीत. खालच्या कोपऱ्यात आताचा सरपंच दत्ता हात जोडून उभा आहे, आणि मधे लाल अक्षरात लिहिलंय, 'श्वानमाता'.

श्वानमाता! लहानपणी कुत्रं चावलं म्हणून तुम्ही पोटात इंजेक्शनं घेतली होती. तेव्हापासून आळीतलं मरतुकडं कुत्रं नुसतं जांभई द्यायला उठलं तरी तुम्ही माझ्या पदराआड यायचात. दुकानात जायचं तर हिराबाईच्या परसातून वळसा घालून जायचात. हे सगळ्या गावाला माहीत आहे. तरी फ्लेक्ससमोर माना डोलवतात, फोटो काढतात. माणूस मेल्यावर त्याच्याबद्दल काहीही लिहिलं तरी चालतं, अशी लोकांची समजूत आहे. माझी नाही.

दत्ता माझ्याकडंही आला होता. म्हणाला, "काकू, आक्कांवर दोन शब्द लिवा. स्मरणिका काढतोय."

मी म्हटलं, "चौथी शिकलेय मी."

"चालतंय की. आमचं पोरगं सुधारून घेईल."

"सुधारायचंच असेल तर त्याच्याकडूनच लिवून घे की सगळं."

पुन्हा आला नाही. म्हणून हे त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमची जन्मतारीख, तुमचं कार्य, तुमचा स्वभाव, हे सगळं त्यांनी छापायचं. आपलं भांडण मात्र त्यांना ठाऊक नाही. ते अर्धं टाकून तुम्ही गेलात, आणि मला अर्धं काम ठेवायची सवय नाही.

लॉकडाऊनच्या आधीच तुम्ही सरपंच झाला होता. बायकांसाठी जागा सुटली, दोन्ही पार्ट्यांना आपली बाई मिळेना, तेव्हा कुणाच्या अध्यात नाही ना मध्यात नाही म्हणून तुम्हाला उभं केलं. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी परत आलेली, पोरंबाळं नाहीत. त्यांना वाटलं, ही सही कर म्हटलं की सही करील. तुम्ही सही केलीत, पण आधी वाचून. एवढं मात्र मी कबूल करते. रात्री चष्मा लावून बोट फिरवत वाचायचात आणि अडलं की मला विचारायचात. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण मी उत्तर द्यायची.

मग सगळं बंद झालं. आपल्या गावचा बाजार बंद, सोनईचा बंद, स्टँडवरची हॉटेलं बंद, मटणाची दुकानं बंद. बाजारपेठेतली कुत्री त्या हाडांवर आणि भज्यांच्या चुऱ्यावर जगायची. ती उपाशी पडली. हे खरं होतं. त्यांच्या बरगड्या मीही पाहिल्या. कुणीतरी त्यांना घालायला हवं होतं, याबद्दल आपलं भांडण नव्हतं, आजही नाही.

तालुक्याहून हुकूम आला की मुकी जनावरं उपाशी राहता कामा नयेत. मोबाईलवर मीटिंग झाली. तुम्ही ओसरीत खुर्चीवर बसला होता, डोक्यावरून पदर घेऊन, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून. तुमचं नुसतं कपाळ दिसत होतं म्हणे. साहेब सारखे म्हणत होते, "मॅडम, कॅमेरा खाली घ्या." आणि तुम्ही खुर्ची खाली कशी घ्यायची ते बघत होता. मी हसून हसून माजघरात जाऊन बसले.

मीटिंगमधून जे निघालं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. पैसा नाही म्हणाले. लोकसहभाग म्हणाले. हा शब्द मला तेव्हापासून माहीत आहे. तुमचंच घ्यायचं, तुमच्यासमोर वाटायचं आणि तुम्हालाच टाळ्या वाजवायला लावायच्या, त्याला लोकसहभाग म्हणतात. ठरलं असं की कचऱ्याची घंटागाडी धुवून घ्यायची, तिनं सकाळी आळीआळीत फिरायचं, प्रत्येक घरानं एक भाकरी द्यायची, आणि त्या सगळ्या भाकऱ्या पंचायतीसमोरच्या पटांगणात नेऊन कुत्र्यांना घालायच्या.

तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. मी म्हटलं, "कोणती भाकरी?"

"कोणती म्हंजे? एक भाकरी."

"वन्सं, घराघरात एक भाकरी कुत्र्याची असतीच. शेवटच्या उंड्याची. ती दारातल्या कुत्र्याला जाते. बाया तीच देणार. जास्तीची कुणी करनार न्हाई, आता पीठ पुरवून खायचे दिवस हायेत."

तुम्ही म्हणालात, "असं कसं? लोकांना सांगू की जास्तीची करा."

"सांगा," मी म्हटलं.

बाहेरगावच्या माणसाला हे कळायचं नाही, पण तुम्ही तर या चुलीपुढं वाढलेल्या. पहिली भाकरी गाईची, शेवटची कुत्र्याची. शेवटचा उंडा लहानच निघतो, परातीत राहिलेलं पीठ गोळा करून केलेला, त्याची जी काय होईल ती. ती उंबऱ्याबाहेर दगडावर ठेवायची. पुण्य मिळवायला म्हणून कुणी करत नाही, आपल्या सासवा करत होत्या म्हणून आपण करतो. आणि प्रत्येक दाराचं कुत्रं ठरलेलं असतं. त्याला ना पट्टा ना नाव, पण दार त्याला माहीत आणि तेही दाराला माहीत. एका आळीचं दुसऱ्या आळीत गेलं तर फाडून काढतात. गावातली अर्धी कुत्री या शेवटच्या भाकरीवर जगत होती. लॉकडाऊनचा त्यांना पत्ताही नव्हता. तो तुम्ही दिलात.

घंटागाडी आली. किसन चालवायचा. तिच्यावर भोंगा, भोंग्यातून रेकॉर्ड, 'आपली एक भाकरी मुक्या जिवांसाठी.' कालपर्यंत त्याच भोंग्यातून ओला कचरा सुका कचरा ओरडत होते. बाया तोंडाला पदर लावून दारात आल्या आणि मी म्हटलं तेच झालं. प्रत्येकीनं शेवटची भाकरी गाडीत टाकली. कुणी रात्रीची शिळी टाकली, कुणी खिचडी आणली, एकीनं ठेचा लावलेली दिली. किसन म्हणाला, "ताई, ठेचा कशाला?" ती म्हणाली, "बिचाऱ्यांच्या तोंडाला चव नको व्हय?"

हिराबाईच्या दारात तिची लाल कुत्री नेहमीच्या वेळेला येऊन बसलेली. हिराबाईनं हात झटकले आणि तिला म्हणाली, "आता हितं काय न्हाई. जा ग्रामपंचायतीत!" सगळी आळी हसली. मीही हसले. कुत्री तिथंच बसून राहिली. तिला पंचायत कुठंय ते कुठं माहीत होतं? आणि माहीत असतं तरी बाजारपेठेची हद्द ओलांडून ती जाणार होती का?

पटांगणात भाकऱ्यांचा ढीग केला. पण लगेच घालायच्या नाहीत. भाऊसाहेब म्हणाले, साहेब यायचेत, फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचाय. आपले ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणजे दिवसाला एक फोटो टाकला की पगार मिळतो अशा समजुतीचे. साहेब यायला ऊन तापलं. भाकऱ्या कडक झाल्या, वाजवल्या तर टाळासारख्या वाजतील अशा. मग साहेब गाडीतून उतरले, तोंडाला मास्क, हातात मोजे. तुमच्या हातात भाकरी दिली. समोर बाजारातला थोराड काळा कुत्रा. तुम्ही भाकरी पुढं केली, म्हणजे हात पुढं केला, बाकीच्या तुम्ही मागंच गेलात. फोटोत तुमचा हात आणि तुमचं अंग यांच्यामधे एक माणूस उभा राहील एवढं अंतर आहे. आणि तो काळा दुसरीकडंच बघतोय. हा फोटो पुढं पेपरातही आला. घरी आल्यावर तुम्ही डोळे पुसत ओसरीत बसलात. मी चहा दिला. म्हटलं, "चावलं का?"

"न्हाई."

"मग कसलं रडं?"

"तुमी गप बसा वहिनी," तुम्ही म्हणालात.

बाजाराच्या टोळीनं खाल्लं तेवढं खाल्लं, बाकीचं तिथंच पडलं. आळीतली कुत्री दारादारांत बसून राहिली आणि दारं त्यांना हाकलत राहिली. माझी शेवटची भाकरी मी गाडीत टाकली नाही. पण माझं दार एक, कुत्री आळीभर. आठवडाभरात माझ्या दारात एवढी मारामारी सुरू झाली की मला काठी घेऊन बसावं लागलं.

साहेब पुन्हा आले तेव्हा मी पटांगणात गेले होते. तुम्ही डोळ्यांनी मला 'जा' म्हणत होता. मी गेले नाही. मी म्हटलं, "साहेब, बाजारातल्या कुत्र्यांसाठी हितं दोन पातेली शिजवा. घरच्या भाकऱ्या घरी ऱ्हाऊ द्या. आळीतली कुत्री मरायला लागली."

साहेब म्हणाले, "आजी, अन्न एकाच ठिकाणी द्यायचं असं आहे. घरोघरी दिलं की गर्दी होते."

"कुणाची गर्दी?"

"म्हणजे... एकूणच गर्दी."

"मग कुत्र्यांना मास्क लावा," मी म्हटलं.

किसन खाली बघून हसला. साहेबांनी भाऊसाहेबांकडं बघितलं, भाऊसाहेबांनी तुमच्याकडं बघितलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "वहिनी, तुमाला ह्यातलं कळत न्हाई. घरी जा."

वन्सं, आपण इतकी वर्षं एका चुलीवर काढली, तुमचे भाऊ गेल्यावर तर दोघींनीच. तुम्ही मला खूप बोललात, मी तुम्हाला त्याहून जास्त. पण हे बोलणं वेगळं होतं. कारण तुम्हाला कळत होतं. माझ्याइतकंच कळत होतं. तुम्ही ते साहेबाच्या बाजूनं उभं राहून बोललात.

हिराबाईची लाल कुत्री व्यालेली होती, मोडक्या बैलगाडीखाली पिलं होती. तिनं आळी सोडली नाही, आणि आळीत तिला काही उरलं नव्हतं. माझ्या दारात यायची तर धष्टपुष्ट कुत्री तिला हुसकायची. तिच्यापुरती मी गाडीखाली नेऊन टाकत होते, पण तिला दूध यायला तेवढं पुरलं नाही. पिलं गेली. किसननं त्याच घंटागाडीत टाकून नेली. भोंगा चालूच होता. मी ओसरीत येऊन तुम्हाला सांगितलं, "गेली पिलं." तुम्ही उठून आत गेलात. त्या दिवशी जेवलाही नाहीत. मला वाटलं, आता ही बाई गाडी बंद करील. दुसऱ्या दिवशी गाडी आली.

लॉकडाऊन उठल्यावर तालुक्याला सत्कार ठेवला. मुक्या जनावरांची काळजी घेणाऱ्या गावांचा. आपलं गाव त्यात होतं. मी तुम्हाला एकच म्हटलं, "जाऊ नका. आन् गेलात तर तिथं उभं राहून सांगा की आमचं चुकलं. पुढच्या वेळेला दुसऱ्या गावाचं तरी चुकायचं न्हाई."

तुम्ही इरकली लुगडं नेसलात. माझंच होतं, ठेवणीतलं. मला न विचारता काढलंत. गेलात, शाल घेतलीत, नारळ घेतलात, काचेतलं सर्टिफिकेट घेतलंत आणि परत आलात. ओसरीत खिळा ठोकला. मी म्हटलं, "काय बोललात?"

"धन्यवाद म्हनले."

"बास?"

"बास."

त्या दिवसापासून आपलं बोलणं कामापुरतं झालं. मीठ आहे का, दार लावलं का, अशोकचा फोन आला का. अशोक म्हणजे माझा पोरगा, तुमचा भाचा, तो सुप्याच्या कारखान्यात. तो सणाला आला की दोघींच्या मधे बसून जेवायचा आणि म्हणायचा, "आई, आत्या, ह्या वयात काय हे?" आपण दोघी एकदमच म्हणायचो, "तू जेव."

मधे माझा मोतीबिंदू काढला. डोळ्यात दिवसभर थेंब घालायचे होते. तुमचा हात कापायचा, थेंब कधी गालावर, कधी कानात. पण वेळ कधी चुकवली नाहीत. बोलणं बंद आणि थेंब वेळेवर. मी वर बघत पडलेली असायची, तुमचं तोंड उलटं दिसायचं, ओठ घट्ट मिटलेले. एकदा थेंब नाकात गेला. मी शिंकले, तुम्हाला हसू आलं आणि ते दाबायला तुम्ही बाटली तशीच टाकून परसात पळालात. त्या बाटलीतलं निम्मं औषध माझ्या उशीनं प्यायलं. हे कुणी स्मरणिकेत छापणार नाही. मला मात्र तुमच्या सरपंचकीतलं काही आठवत नाही, हे आठवतं.

गाडी एक दिवस यायची थांबली. तिला कुणी थांबवलं नाही की निरोप दिला नाही. भोंग्यातून पुन्हा ओला कचरा सुका कचरा सुरू झालं. आणि तेव्हा खरं नुकसान दिसलं. बायांनी शेवटची भाकरी दारात ठेवणं परत सुरू केलंच नाही. सवय मोडली होती. काहीजणी पोळ्या मोजून करायला लागल्या, कुणी म्हणाली कुत्र्यांचं काम आता पंचायतीचं. सासवांच्या सासवांपासून चाललेलं एका उन्हाळ्यात मोडलं, आणि मोडणारे शाली पांघरून बसले. कुत्री उकिरड्यावर गेली, कोंबड्या धरायला लागली, लोक दगड मारायला लागले. मग तीच माणसं म्हणायला लागली, गावात भटक्या कुत्र्यांचा फार त्रास वाढलाय, शासनानं काहीतरी करावं.

तुमची सरपंचकी संपली. भाऊसाहेब रस्त्यात दिसले तर मोबाईल कानाला लावायचे. आणि एका सकाळी तुम्ही काठी घेऊन निघालात. मला वाटलं देवळात. तुम्ही हिराबाईच्या दारात थांबलात. मी न्हाणीच्या भिंतीआडून ऐकत होते.

"हिरे, शेवटची भाकरी दारात ठेवत जा गं."

"आक्का, तुमीच म्हनला हुता गाडीत टाका."

"म्हनले हुते. चुकलं."

"आता परत फिरून म्हनाल पंचायतीत टाका."

"न्हाई म्हननार."

"आमी गरिबांनी काय काय ध्येनात ठेवायचं?" हिराबाई म्हणाली आणि आत गेली. तिच्या घरावर स्लॅब आहे, दारात ट्रॅक्टर आहे. गरीब म्हणे.

तुम्ही पुढच्या दारात गेलात. मग त्याच्या पुढच्या. गुडघे धरलेले, हातात काठी, आणि दारादारात बसलेलं कुत्रं. प्रत्येक दाराशी तुम्ही आधी कुत्र्याकडं बघायचात, घट्ट डोळे मिटायचात आणि मग हाक मारायचात. बाया हसायच्या. एक म्हणाली, "आक्का, इलेक्शनला उभं ऱ्हाताय का काय?" तुम्ही हात जोडायचात. रोज आळी बदलून जायचात. कुणी ऐकलं नाही. घरी येऊन पाणी प्यायचात आणि मला काही सांगायचा नाहीत. मीही विचारलं नाही. ज्या दिवशी तुम्ही बायांपुढं 'चुकलं' म्हणालात त्या दिवशी आपलं भांडण संपायला हरकत नव्हती. पण तुम्ही ते हिराबाईला सांगितलंत, सगळ्या आळीला सांगितलंत, मला नाही. आणि ओसरीतला तो खिळा तसाच होता.

मग छातीत पाणी झालं. नगरच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी मीच होते, अशोकला सुट्टी मिळेपर्यंत. दुपारची वेळ, पंखा फिरतोय, शेजारच्या कॉटवरची बाई घोरतेय. तुम्ही एकाएकी बोललात.

"वहिनी, मी सत्काराला का गेले विचारलं न्हाई तुमी."

"विचारलं. तुमी धन्यवाद म्हनलात."

"तसं न्हाई. लग्नात नाव घेतलं माझं, त्यानंतर कुनी माईकवर माझं नाव घेतलंच न्हवतं. तिथं पुकारलं. श्रीमती म्हनले, पूर्ण नाव घेतलं. बापाचं नाव घेतलं, त्या माणसाचं न्हाई. मी उठले. चूक ठाऊक हुती. तरी उठले."

खरं सांगायचं तर मला राग आला. एवढ्यासाठी? माईकसाठी? आणि दुसऱ्याच क्षणी हेही कळलं की मला नवरा मिळाला, पोरगा मिळाला, आणि हळदीकुंकवाला बोलावणी यायची तेव्हा तुम्ही मागल्या दारी भांडी घासत असायचात. मी तुमचं पांघरूण नीट केलं.

तुम्ही म्हणालात, "एकदा म्हना की, बरं केलं म्हनून."

"काय बरं केलं?"

"कायतरी केलंच असंल की एवढ्या वर्षांत."

"घरी चला. मग बघू."

"मरताना सुदीक मार्क देनार न्हाई तुमी."

"न्हाई," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. हसताना खोकला आला, नर्स आली, मला बाहेर काढलं. हे आपलं शेवटचं बोलणं. लोक म्हणतात, शेवटच्या वेळी गोड बोलावं. मला गोड बोलता आलं असतं तर तुम्ही ओळखलं नसतं, कोण आलंय म्हणून.

तुमचा दहावा नदीवर झाला. मंडप, खुर्च्या, माईक. अशोकनं पिंड ठेवले, शेजारी तुमची मिशेरी, चहा, जिलबी. कावळ्याची वाट बघायची तर माणसानं गप्प बसावं. पण माईक होता आणि माईकपुढं गप्प बसणारा पुढारी आपल्या भागात अजून जन्मायचाय. एकानं तुमच्यावर बोलायला सुरुवात करून ऊसदरावर संपवलं. दुसऱ्याला तुमचं नाव आठवेना, तो 'माउली माउली' करत राहिला. भाऊसाहेब बदली झालेल्या गावाहून मुद्दाम आले होते, म्हणाले, आक्कांनी जिल्ह्याला दिशा दिली. भोंगा नदीभर घुमत होता. पलीकडच्या बाभळीवर दोन कावळे बसले होते. जो शहाणा असेल तो अशा आवाजात येईल का?

भाषणं संपली तरी कावळा येईना. मग वचनं सुरू झाली. अशोक म्हणाला, "आत्या, आईला सांभाळीन." मला हसू आलं. दत्ता पिंडापुढं जाऊन मोठ्यानं म्हणाला, "आक्का, तुमच्या नावानं श्वान निवारा बांधू!" आणि मागं वळून कुणी व्हिडिओ काढतंय का ते बघितलं. कावळे जागचे हलले नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, वहिनींचं आणि त्यांचं बोलणं नव्हतं, वहिनींना म्हणू द्या. सगळे माझ्याकडं बघायला लागले. हिराबाईनं मला कोपर मारलं, "म्हना की, बरं केलं आक्का तुमी. काय जातंय म्हनायला?"

मला माहीत होतं तुम्हाला काय हवंय. हिराबाईला माहीत नव्हतं आणि नेमकं तेच ती बोलली. पण ज्या माणसांसमोर खरं न सांगता तुम्ही शाल घेतलीत, त्याच माणसांसमोर मी खोटं बोलावं? मी पिंडापाशी गेले. म्हटलं, "वन्सं, चुकलं ते चुकलं. नंतर दारोदार फिरलात, ते मी बघितलंय. आता आडून बसू नका, लोकांना ऊन लागतंय."

कावळा आला नाही.

मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. गवताचा. त्याची चोच पिंडाला लावली आणि सगळे म्हणाले, शिवला. झालं. सगळे उठून हातपाय धुऊन जेवायला गेले. मी तिथं उभी राहून त्या गवताकडं बघत होते. ना भूक ना जीव, शिवल्याचं नाव मात्र झालं. आपल्या लोकांना याची फार सवय आहे, वन्सं. त्या उन्हाळ्यात पटांगणात झालं ते हेच. तुम्ही आत होता म्हणून तुम्हाला ते उशिरा बोलता आलं, एवढंच.

सुतक फिटल्यावर दुसऱ्या सकाळी मी हिराबाईच्या दारात गेले. ती लाल कुत्री कधीच मेली. आता तिथं एक तांबूस नर बसतो, एका डोळ्यानं अधू. मी हात जोडले नाहीत. ते तुमचं काम, मला जमत नाही. मी आळीला ऐकू जाईल असं म्हटलं, "हिराबाई, शेवटची भाकरी कुठं हाय?"

"कसली भाकरी?"

"तुजी सासू ठेवायची ती. ट्रॅक्टर आला, स्लॅब आला, भाकरी कुठं गेली?"

"सकाळी सकाळी भांडायला आलाय का काकू?"

"व्हय. रोज येनार हाय."

आणि रोज गेले. तुम्ही समजूत घालायचात, मी लाज काढते. तिची सून आतून हसायची. पाहुणे आलेले असले तर मी जास्त मोठ्यानं विचारायची. मग पुढच्या दारांतही गेले. दोन घरांनी दारं लावून घेतली, तिसरीनं निव्वळ कटकट नको म्हणून भाकरी ठेवायला सुरुवात केली. दया नाही, पुण्य नाही, माझ्या तोंडाची भीती. कुत्र्याला त्यात काही फरक पडत नाही.

हिराबाई सगळ्यात चिवट निघाली. काल मी पोचायच्या आत ती दारात उभी होती. हातात भाकरी. लहान, वेडीवाकडी, शेवटच्या उंड्याचीच. माझ्याकडं न बघता तिनं ती दगडावर ठेवली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "आक्का लई बऱ्या हुत्या बाई तुमच्यापरीस."

"व्हय," मी म्हटलं, "बऱ्या हुत्या."

म्हटलं ते म्हटलं, वन्सं. तुम्ही ऐकायला नव्हता, त्याला मी काय करू.